पालट्याचा उसना पाय

मी पालट्या. वाळत घातलेली हळद पालटणं हे माझं काम, म्हणून हे नाव. कारखान्यातून आलेल्या यंत्रांच्या अंगावर कंपनीचं नाव, नंबर, साल असं सगळं असतं. माझ्या पाठीवर फक्त 'शुद्ध शेंगदाणा तेल, १५ किलो' एवढंच लिहिलेलं आहे, कारण माझी पाठ तेलाच्या डब्याची आहे. मला त्याची लाज नाही. तो डबा रिकामा झाला तेव्हा त्याच्यात ज्वारी भरायचं ठरलं होतं. माझ्या नशिबात जरा जास्त हिंडणं होतं.

माझा जन्म वारंगा फाट्यापासून चार किलोमीटरवरच्या एका खेड्यात, टिनाच्या सपराखाली झाला. मला घडवणाऱ्याचं नाव शिवशंकर. वय तेवीस. नववीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो फाट्यावर पाण्याच्या मोटारी भरायच्या दुकानात लागला. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी तार वेढे मोजून भरायची. हात असा हुशार, की मालक म्हणायचे, याच्या बोटांना डोळे आहेत. पण तोंड मात्र बंद. गिऱ्हाईकानं "कधी होईल?" विचारलं की तो दोन बोटं दाखवायचा. दोन तास की दोन दिवस, हे गिऱ्हाईकानं ओळखायचं.

त्याची आई पार्वतीबाई. त्यांची दोन एकर जमीन, त्यातल्या निम्म्यात हळद. हळद काढली, शिजवली, की ती खळ्यावर पसरतात आणि पंधरा-पंधरा दिवस वाळवतात. या काळात तिला दिवसातून तीनदा पालटावं लागतं, नाहीतर खालची बाजू काळी पडते आणि बाजारात कोणी विचारत नाही. हे पालटणं उन्हातच करायचं असतं. एका वर्षी पार्वतीबाई हातात हळद पालटायचं दाताळं धरून खळ्यावरच खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. ऊन लागलं होतं. तीन दिवस त्या खाटेवर होत्या.

चौथ्या दिवशी शिवशंकरनं ज्वारीसाठी ठेवलेला तेलाचा डबा उचलला आणि त्याला चार भोकं पाडली. तीच माझी सुरुवात.

माझे दात जुन्या दाताळ्याचे. चाकं लहान मुलांच्या सायकलींची. माझा मेंदू काडेपेटीएवढा, तो पोस्टानं आला. त्यात काय भरायचं ते शिवशंकर मोबाईलवर बघून बघून शिकला. माझे डोळे म्हणजे दोन गोल जाळ्या. खरं तर ते कानच आहेत. एका जाळीतून मी बारीक आवाज सोडतो, माणसाला ऐकूही येणार नाही असा. तो खळ्याच्या कडेला लावलेल्या विटेवर आपटून दुसऱ्या जाळीत परत येतो. लवकर आला तर वीट जवळ, उशिरा आला तर लांब. वीट जवळ आली की मी मागं सरकतो, वळतो आणि पुढची ओळ धरतो.

राहिले पाय, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोटरी. डावा पाय फाट्यावरच्या भंगारातल्या एका टेम्पोच्या वायपरची मोटर. त्याची जोडी काही सापडेना. मग एक दिवस शिवशंकर मला पोत्यात घालून फुलसिंगकडे घेऊन गेला. फुलसिंग कळमनुरी ते फाटा अशी काळीपिवळी जीप चालवतो. आवाज मोठा, मन त्याहून मोठं.

"फुलसिंगदादा, तुमचा वायपर..." शिवशंकर एवढंच म्हणाला.

"काय झालं वायपरला?"

"उन्हाळ्यात लागत न्हाई."

"मंग?"

शिवशंकरनं पोतं खाली करून माझ्याकडे बोट दाखवलं. फुलसिंग वाकून बघत राहिला.

"हे काय व्हय? डब्ब्याला चाकं काहून लावले?"

"हळद पालटंल."

"ह्यो? हळद?" फुलसिंग एवढ्या जोरात हसला की जीपमधल्या बाया बाहेर डोकावल्या. मग त्यानं शिवशंकरच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं. "बरं, घेऊन जा. पर बराबर ध्यानात ठेव. एप्रिलात गाडीचं पासिंग हाय. आरटीओचे साहेब पयले वायपर फिरवून बघतेत. आदल्या दिवशी माझी मोटर माझ्या गाडीत पायजे. मला तकलीफ नको."

शिवशंकरनं मान हलवली. असा मी उभा राहिलो. डावा पाय भंगारातला आणि उजवा पाय उसना. जगात बहुतेकांना आपला शेवट कधी ते ठाऊक नसतं. मला तारीख ठाऊक होती.

पहिले काही दिवस मी दहा पावलांवर रुतायचो. दातात हळकुंड अडकायचं, चाक जागच्या जागी फिरायचं. शिवशंकर दात थोडे वाकवायचा, चाकांना जुन्या ट्यूबचे पट्टे गुंडाळायचा, पुन्हा सोडायचा. एका सकाळी मी पूर्ण ओळ पार केली, विटेजवळ वळलो आणि परत आलो. पार्वतीबाईंच्या हातातली घागर तशीच राहिली. "आगं माय, चालून राहिलं की!" त्या म्हणाल्या आणि मला वाट द्यायला बाजूला झाल्या, जसं समोरून बैल आल्यावर माणूस होतं तसं.

आता मंडळाबद्दल सांगतो.

फाट्यावर एक मंगल कार्यालय आहे. त्याचे मालक विश्वंभरकाका. ते आधी रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे लग्नाच्या धंद्यात आले, पण हातातल्या कढईची सवय जशी आचाऱ्याला सुटत नाही, तशी त्यांना तारा जोडायच्या सोल्डरिंगची सवय सुटली नाही. ज्या रविवारी लग्नाची तिथी नसते, त्या रविवारी त्यांचं कार्यालय रिकामं असतं. तेव्हा हिंगोली, कळमनुरी, नांदेडकडून कोण कोण आपण घरी बनवलेल्या वस्तू घेऊन तिथं जमतात. कोणी गाईच्या गळ्यातली घंटा मोबाईलला जोडलेली असते, कोणी पाण्याची टाकी भरली की ओरडणारा भोंगा बनवलेला असतो. चहा-पोहे काकांचे.

तिथं नियम एकच. ज्यानं वस्तू बनवली त्यानंच तिचं झाकण उघडायचं आणि सगळ्यांपुढं बोलायचं. आधी काय चुकलं ते, मग काय चालतं ते. म्हणून लोक त्याला झाकण मंडळ म्हणतात. आणि ज्याची वस्तू पाव तास न थांबता चालेल, त्यानं मंडळाकडे एक मागणं मागायचं. ते सगळ्यांनी मिळून, जमेल तसं, पुरं करायचं.

शिवशंकरला हे निलमकडून कळलं. निलम हिंगोलीची. ती अंडी उबवायची पेटी बनवत होती आणि तिचा जळालेला पंखा भरून घ्यायला दुकानात आली होती. "तुमी या की रविवारी," ती म्हणाली. "तुमच्या हातात तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कसब हाय." शिवशंकर दोन बोटं दाखवणार होता, पण प्रश्न तसला नव्हता.

पहिल्या रविवारी तो मला पोत्यात घेऊन गेला आणि मागच्या खुर्चीवर बसला. विश्वंभरकाकांनी विचारलं, "पोत्यात काय हाय रे बाळा?"

"बटाटे," शिवशंकर म्हणाला.

दोन तास मी बटाटे होऊन पडलो होतो. बाहेर प्रज्ञेश नावाचा इंजिनिअरिंगचा पोरगा आपला लोखंडी हात दाखवत होता. त्याच्या तोंडातून अवघड शब्द निघत होते, आणि दर शब्दाला शिवशंकरचा गुडघा पोत्याला जास्त घट्ट लागत होता. पण मी एक गोष्ट ऐकली, जी बहुतेक त्यानं ऐकली नाही. प्रज्ञेश म्हणाला, "मी उलटी तार जोडली, धूर निघाला, अन् वसतिगृहातली सगळी पोरं आग लागली म्हणून पळाली." सगळे हसले. तोही हसला. पुढं कोणी त्याला त्यावरून चिडवलं नाही.

दुसऱ्या रविवारी काकांनी नुसतं विचारलं, "आज बी बटाटेच का?" शिवशंकरनं मान हलवली.

मग तारीख जवळ आली. सोमवारी पासिंग. आदल्या रविवारी तिथी नव्हती, म्हणजे मंडळ होतं. फुलसिंगनं निरोप धाडला, "मीच नेऊन सोडतो तुमाला. तिथंच मोटर काढून घेतो."

शनिवारी संध्याकाळी शिवशंकर माझ्यापुढे बसून होता. तो म्हणाला, "उद्या तू चाललास तर मंडळाकडं पाय मागून घेतो. न्हाई चाललास तर पाय काढावा लागंल." एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. एका पायाचा पालट्या म्हणजे पुन्हा ज्वारीचा डबा. आणि हळद अजून खळ्यावर होती, पार्वतीबाईंचं दाताळंही भिंतीला टेकून उभं होतं.

सकाळी पार्वतीबाई म्हणाल्या, "मी बी येते. तू बोलत न्हाईस, मी बोलते."

"आई, तिथं ज्यानं केलं त्यानंच बोलायचं असतंय."

"मंग मी हळद घेऊन येते. चालणार कशावर ते? फरशीवर?"

त्यांनी दोन टोपली हळद भरून घेतली. आणि मग आठवण झाल्यासारखं थांबल्या. पहिल्यांदा चारचौघांपुढं निघालेल्या वस्तूला असंच कसं पाठवायचं? नवा नांगर असो की नवी मोटरसायकल, आमच्याकडे आधी पूजा होते. पार्वतीबाईंनी नारळ फोडला. कुंकू पाण्यात चांगलं दाट कालवलं. मग मला ओवाळून त्या माझं कपाळ शोधू लागल्या. डब्याला कुठलं कपाळ? दोन गोल जाळ्या दिसल्या. त्यांनी एकीवर अंगठा टेकवला, मग दुसरीवर. भरपूर. मायेला कुठं मोजमाप असतं.

मी बहिरा झालो. आणि बोलायला मला तोंड नव्हतं.

फुलसिंगच्या जीपमध्ये पुढच्या काचेपाशी एक पाना ठेवला होता. वाटभर तो खडखडत होता.

कार्यालयात पंचवीस-तीस माणसं होती. शिवशंकरनं मला पोत्यातून बाहेर काढलं, आणि विश्वंभरकाका ओरडले, "अरे, बटाट्याला चाकं फुटले की!" ताडपत्री पसरली. पार्वतीबाईंनी तिच्यावर हळद टाकली, चारी बाजूंनी विटा लावल्या. शिवशंकरनं बटण दाबलं.

मी मागं गेलो.

मला पुढं जायचं होतं, पण मेंदू सांगत होता, समोर वीट आहे, अगदी नाकाला लागून आहे. मी मागं सरकलो, वळलो, पुन्हा मागं सरकलो. शेवटी मी ताडपत्रीवरून खाली उतरून खुर्च्यांच्या पायात शिरलो.

"बैल उलटा जुंपला वाटतं," कोणीतरी म्हणालं. हशा झाला. प्रज्ञेश लॅपटॉप घेऊन पुढं आला, "प्रोग्राम गडबडला असंल, बघू का?" दाराशी उभ्या फुलसिंगनं हळू आवाजात विचारलं, "शिवशंकर, काढू मंग?"

शिवशंकरचा हात पोत्याकडे गेला.

"पोतं ठेव खाली," विश्वंभरकाका म्हणाले. आवाज चढा नव्हता. "इथं वस्तू बिघडली म्हणून कोणी घरी जात न्हाई. उघड झाकण. सांग."

शिवशंकरनं माझ्या पाठीचे चार स्क्रू काढले.

"हे... तेलाचं डब्बं हाय," तो म्हणाला. "ह्यो डावा पाय. टेम्पोचा. ह्यो उजवा. फुलसिंगदादाचा."

"आज परत द्यायचाय!" दारातून फुलसिंग ओरडला.

पुन्हा हशा झाला, आणि गंमत म्हणजे त्यात शिवशंकरही हसला. तिथून त्याची जीभ सुटली. दुकानात एकटा असताना तो मोटारीशी जसा बोलतो तसा बोलू लागला. "डावा फिरून राहिलाय, बघा. उजवा बी फिरतोय. बॅटरी भरेल हाय. म्हंजी पायाचा दोष न्हाई. ह्याला वाटून राहिलंय की समोर वीट हाय. पर वीट तर तिकडं लांब हाय." तो थांबला. "ह्याचा आवाज परत आला की आकडा येतो. आवाज आलाच न्हाई तर शून्य येतं. अन् मी..." तो माझ्या मेंदूकडे बघत राहिला. "मी शून्याला वीट समजलो. ऐकू न येणं अन् भिंत असणं, दोन्ही एकच धरलो. चूक माझी हाय."

कोणी हसलं नाही. प्रज्ञेशनं लॅपटॉप मिटला. "माझ्या लोखंडी हातात बी हीच चूक असंल," तो म्हणाला. "आता घरी जाऊन बघावं लागंल."

"पर घरी चालत होतं ना?" निलमनं विचारलं. "मंग आता ऐकू काहून येईना?"

शिवशंकरनं मला उचलून तोंडाजवळ धरलं. दोन्ही जाळ्यांवर लालभडक कुंकू वाळून बसलं होतं.

त्यानं खिशातून बारीक ब्रश काढला, पण जाळीला लावला नाही. आईनं लावलेलं कुंकू, आणि तेही इतक्या लोकांसमोर आपल्या हातानं पुसायचं? आमच्याकडे कुंकू पुसणं हा शब्दसुद्धा कोणी तोंडातून काढत नाही. तो ब्रश धरून तसाच बसला. पंचवीस-तीस माणसं वाट बघत होती आणि अशा वेळी काय करायचं, ते विश्वंभरकाकांच्या नियमात नव्हतं.

पार्वतीबाई उठून आल्या. "काय झालं?"

"आई, कुंकू डोळ्यात गेलंय ह्याच्या."

त्यांनी वाकून बघितलं. "अगं माय! मंग पू..." आणि त्यांनी जीभ चावली. क्षणभर विचार केला. मग पदर खोचून खाली बसल्या आणि हात पुढं केला. "दे तो बुरूस. पुसायचं न्हाई. सरकवायचं."

त्यांनी ब्रशनं जाळीतला एकेक कण सोडवला, पदराच्या ओल्या टोकावर घेतला, आणि वर, तेलाच्या डब्याच्या कडेवर, बोटानं गोल कुंकू लावलं. तेच कुंकू, फक्त तीन बोटं वर. "हां. कपाळ इथं हाय व्हय तुझं?" त्या मला म्हणाल्या. "आधी सांगायचं न्हाई का रे लेकरा?"

अख्खं कार्यालय हसलं. मला जग पुन्हा ऐकू आलं.

शिवशंकरनं बटण दाबलं आणि विश्वंभरकाकांनी घड्याळ हातात घेतलं.

मी पुढं गेलो. दात हळदीत शिरले, हळकुंडं खालून वर आली, माझ्या मागं पिवळी धमक ओळ उमटत गेली. विटेपाशी वळलो. दुसरी ओळ. तिसरी. कडेच्या खुर्च्या हळूहळू पुढं सरकत होत्या. बाराव्या मिनिटाला एक जाड हळकुंड दातात अडकलं आणि माझा उजवा पाय कण्हला. कोणी श्वास घेत नव्हतं. फुलसिंग दारातून आत आला, "अरे दे की जोर, माझ्या गाडीचा हायेस तू!" मी जोर दिला. हळकुंड तटकन मोडलं आणि मी निघालो.

"पाव तास!" काका ओरडले. "झाला पाव तास!"

टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या, कोणीतरी लग्नाचा उरलेला अक्षतांचा पुडा माझ्यावर उधळला. पार्वतीबाईंना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्या हळदीत हात घालून खालची बाजू तपासत होत्या. "एक बी राहिली न्हाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एक बी."

"माग आता," काका म्हणाले.

शिवशंकर उभा राहिला. "मला वायपरची एक मोटर पायजे. आजच."

लोकांनी आपापल्या पिशव्या उलट्या केल्या. छोट्या मोटरी निघाल्या, पंख्याच्या निघाल्या, वायपरची निघेना. विश्वंभरकाका हनुवटी खाजवत खिडकीतून मागच्या अंगणात बघत होते. तिथं त्यांची वरातीची जुनी गाडी उभी होती, गेल्या लग्नाची फुलं अजून तिच्या टपावर वाळत पडलेली. "नवरदेव काय पावसात येत न्हाई," ते म्हणाले. "काढा तिची."

फुलसिंग पाना घेऊन माझ्याकडे वळला. "चल, ती ह्याला लाव. माझी मी घेतो."

शिवशंकरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "दादा, ह्याची नका काढू. त्या पायाला आता हळद माहीत झालीय. नवरदेवाची मोटर तुमच्या गाडीत बसवतो मी. दोन तासांत."

दोन तास. बोटं न दाखवता, स्पष्ट.

सगळं मंडळ जीपभोवती जमलं. मोटर थोडी मोठी होती, म्हणून पट्टी कापली, दोन भोकं नव्यानं पाडली. शिवशंकर हात चालवत होता आणि सोबत बोलत होता. ही तार इथं का, हा नट उलटा का. प्रज्ञेश वहीत लिहून घेत होता. शेवटी फुलसिंगनं किल्ली फिरवली. वायपर फर्र करून काचेवरून गेला आणि धुळीत मोठी कमान उमटली.

"नवरदेवाची मोटर हाय," फुलसिंग म्हणाला. "आता रोज नखरे करंल." सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. गाडी पास झाली होती.

या गोष्टीला वर्ष झालं. माझ्या मेंदूतली शून्याची चूक त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. ऐकू आलं नाही की आता मी थांबतो आणि शिट्टी वाजवतो. मंडळानं मिळून माझे तीन भाऊ बनवले. त्यातला एक सूर्यफूल तेलाचा आहे, तो जरा तोऱ्यात असतो. माझ्या डब्याला पोचे पडलेत, दात झिजून गोल झालेत आणि सांध्या-सांध्यात हळद इतकी बसली आहे की धुऊनही निघत नाही. पार्वतीबाई लिंबाच्या सावलीत बसून चहा पितात आणि तिथून मला हुकूम सोडतात, "अरे तो कोपरा राहिला!" मंडळात शिवशंकर बोलायला लागला की काका घड्याळ दाखवतात. पार्वतीबाई म्हणतात, "पयले बोलत न्हवता, आता थांबत न्हाई."

तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारात, कोणी डबा-तारा घेऊन काही जुळवत बसलेलं असेल, तर त्याला "हे कशाला?" असं विचारू नका. "दाखव की," म्हणा. मग खाली बसा आणि नीट बघा.

काल सेनगावकडून दोघी जणी जीपनं आल्या. मोठ्या रूपाबाई आणि त्यांची सून. त्यांनी खळ्याच्या कडेला उभं राहून माझ्या चार ओळी बघितल्या. मग रूपाबाईंनी विचारलं, "दादा, हे कुठं मिळतंय?"

"मिळत न्हाई, मावशी," शिवशंकर म्हणाला. "बनवावं लागतंय. बसा, शिकवतो."

रूपाबाईंनी सुनेकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि हात पुढं केला. "मंग तो पेचकस इकडं द्या," त्या म्हणाल्या. "मीच उघडते."

चला, नवे हात आलेत. मला आता सगळं दाखवायचं आहे. रामराम.